मराठी मंडळाला कब स्काउट पॅक दत्तक घ्यायचा आहे, मदत हवी आहे

अबोली_जर्सी
नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत असते, इथल्या मराठी मंडळाच्या कार्यकारिणीवर आहे. थोडी घाई आहे म्हणून लगेच विचारते.

माझी लेक तिसरीत आहे. तिचा कब स्काउट पॅक (स्काउटिंगमधला लहान मुलांचा गट) बरीच वर्षं एका चर्चच्या तळघरात भरतो. त्या चर्चने पुढच्या वर्षापासून पॅकची जबाबदारी घ्यायची नाही असं कळवलंय. पॅकमध्ये २३ मुलं आहेत आणि त्यातली निम्मी आपल्याच मराठी शाळेची. म्हणून मंडळानेच पॅक घ्यावा असं मी सुचवलं.

ज्यांना इथली पद्धत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. स्काउटिंग अमेरिका (फेब्रुवारी २०२५ पर्यंत बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका) स्वतः पॅक चालवत नाही. चर्च, रोटरी किंवा लायन्स क्लब, पालकांचा संघ अशी गावातली एखादी संस्था तो चालवते. स्काउटिंगची स्थानिक कौन्सिल त्या संस्थेला चार्टर, म्हणजे पॅक चालवायची सनद, देते आणि करार दरवर्षी नव्याने होतो. स्पॉन्सर म्हटलं की आपल्याला गणेशोत्सवाच्या स्मरणिकेतली पानभर जाहिरात आठवते. इथे मात्र पॅक त्या संस्थेचा असतो, आणि मुलांसोबत कोण मोठी माणसं असतील हेही तीच संस्था ठरवते.

बैठकीत खजिनदारांनी खटल्यांचा विषय काढला. त्यांची भीती खोटी नाही. २०२० मध्ये बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकाच दिवाळखोरीत गेली, लैंगिक अत्याचाराचे ८२ हजारांहून जास्त दावे आले आणि नुकसानभरपाईचा निधी २४६ कोटी डॉलरचा ठरला. अनेक चर्चनी तेव्हापासूनच हात आखडता घेतला. यावर अध्यक्ष म्हणाले, "आपण नाव देऊ, सही करू, बाकीचं पालक बघतील."

मला नेमकं हेच पटत नाही. कुणीतरी बघत असेल असं सगळ्यांनी धरून चाललं की मुलांकडे कुणाचंच लक्ष राहत नाही. घ्यायचा तर पॅक नीट घ्यावा. शाळेत मी बुलबुल (आपल्याकडच्या स्काउट-गाइडमधला लहान मुलींचा गट) होते. आमच्या बाई प्रत्येक मुलगी घरी पोचल्याची खात्री केल्याशिवाय स्वतः घरी जात नसत. माझ्या डोळ्यांसमोर तेच आहे.

मंजुरी कशी मिळते, विमा कुणाचा, आणि स्काउटिंगमधल्या 'देवाप्रति कर्तव्य' या भागाचं आपल्या मुलांच्या बाबतीत काय करतात? कुणाच्या मंडळाने हे केलंय का?

तळ्याकाठी
आमच्या मंडळाने केलंय, मिडवेस्टमध्ये. आधी कौन्सिलच्या डिस्ट्रिक्ट एक्झिक्युटिव्हला, म्हणजे तुमच्या भागाच्या अधिकाऱ्याला, फोन करा. तो कार्यकारिणीला भेटायला येतो आणि तुमचा उद्देश, जागा, माणसं समजून घेतो. करारावर मंडळाच्या अध्यक्षांची सही लागते. मग मंडळ आपला एक प्रतिनिधी नेमतं, त्याला सगळे सी.ओ.आर. (चार्टर्ड ऑर्गनायझेशन रिप्रेझेंटेटिव्ह) म्हणतात. पॅकच्या प्रत्येक लीडरचा अर्ज त्याच्या मंजुरीने पुढे जातो. कौन्सिलमध्ये त्याला मतही असतं. तो पॅकच्या कमिटीचा अध्यक्ष होऊ शकतो, पण कबमास्टर, म्हणजे पॅकचा मुख्य लीडर, होऊ शकत नाही. तुम्हाला जी भीती वाटतेय तिचं उत्तर हीच खुर्ची आहे, तिथे खमकं माणूस बसवा.

लीडर व्हायचं तर बालसुरक्षेचं प्रशिक्षण आणि पार्श्वभूमी तपासणी होतेच. प्रत्येक कार्यक्रमाला २१ वर्षांवरचे दोन नोंदणीकृत लीडर हवेत, आणि मुली असतील तर त्यात एक बाई. कुठलाही लीडर कुठल्याही मुलासोबत एकटा थांबत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पॅकचे पैसे आणि सामान ज्या संस्थेकडे चार्टर आहे तिच्या मालकीचे असतात, म्हणजे आज ते चर्चचे आहेत. बँकेतली शिल्लक, तंबू, पाइनवूड डर्बीचा (मुलांच्या छोट्या लाकडी गाड्यांच्या शर्यतीचा) ट्रॅक, सगळ्याची यादी करून चर्चकडून हस्तांतराचं पत्र घ्या. आम्ही ते घेतलं नव्हतं. चर्चमधली माणसं बदलली आणि ट्रॅकसाठी आम्हाला चार महिने खेटे घालावे लागले. तोवर मुलं गाड्या रंगवून बसली होती.

हिशेबनीस
विम्याबद्दल. अधिकृत स्काउटिंगच्या कामासाठी चार्टर घेणाऱ्या संस्थेला स्काउटिंगच्या सर्वसाधारण दायित्व विम्याचं संरक्षण मिळतं. मोटारींच्या विम्याचं वेगळं असतं, ते आधी समजून घ्या. कौन्सिलकडून विम्याचं प्रमाणपत्र मागा आणि मंडळाच्या विमा एजंटलाही कळवा. पॅकच्या निधीसाठी मुलं पॉपकॉर्न विकतात, त्याचे पैसे दिवाळी कार्यक्रमाच्या खात्यात कधीही मिसळू देऊ नका.

आणखी एक. मंडळाची कार्यकारिणी दर दोन वर्षांनी बदलते. नव्या अध्यक्षांना आपण कशावर सही करतोय ते माहीतच नसतं. म्हणून सी.ओ.आर. शक्यतो कार्यकारिणीबाहेरचा, पाच-सहा वर्षं टिकेल असा शोधा.

बकुळ_टेक्सास
'देवाप्रति कर्तव्य' प्रत्येक कुटुंब आपल्या श्रद्धेप्रमाणे पाहतं, त्याचं दडपण घेऊ नका. हिंदू मुलांसाठी 'धर्म' नावाचं पदक आहे. माझ्या मुलाने ते आजीसोबत अभ्यास करून मिळवलं, फोनवर, सांगली-ह्यूस्टन. कार्यकारिणी तयार झालीच नाही तर कौन्सिलला विचारा की चार्टर स्वतःकडे ठेवाल का. मग मंडळाने फक्त हॉल द्यायचा, त्याचा वेगळा करार होतो.

अबोली_जर्सी
सगळ्यांचे मनापासून आभार. हॉलचा पर्याय मी दुसरा म्हणून ठेवते, आधी पूर्ण जबाबदारीचाच ठराव मांडणार आहे. रविवारी बैठक आहे. तळ्याकाठी, तुमच्या ठरावाची भाषा मिळेल का?

तळ्याकाठी
आमच्या इतिवृत्तातून उतरवून देतो: "मंडळ हा पॅक आपला उपक्रम मानते. मंडळाचा प्रतिनिधी प्रत्येक लीडरची निवड स्वतः भेटून करील, महिन्यातून एकदा पॅकच्या सभेला हजर राहील आणि दर तिमाहीला कार्यकारिणीला लेखी अहवाल देईल." यातलं 'स्वतः भेटून' गाळू नका. आमच्याकडे त्या दोन शब्दांवर तासभर वाद झाला होता.