शब्दचर्चा : निग्रो, कृष्णवर्णीय, काळे की ब्लॅक?

प्रश्न

एका दिवाळी अंकासाठी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या अमेरिकेवर लेख लिहिते आहे. त्या पंचवीस-तीस वर्षांत तिथल्या आफ्रिकी वंशाच्या समाजाचं नावच बदलत गेलं, आणि माझ्या मसुद्यात मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच शब्द आहे : 'कृष्णवर्णीय'. संपादकांना तोच हवा आहे, सभ्य वाटतो म्हणून. मी मात्र त्यावर अडखळते. २८ ऑगस्ट १९६३ ला वॉशिंग्टनच्या मोर्चात मार्टिन लूथर किंग आपल्या लोकांना पुनःपुन्हा 'निग्रो' म्हणतात. त्यानंतर तीनच वर्षांत तरुण कार्यकर्त्यांना तो शब्द नकोसा होतो. 'कृष्णवर्णीय'मध्ये हे भांडण दिसतच नाही. तुम्ही काय लिहाल?

प्रतिसाद १

'निग्रो'ला आज शिवीचा वास येतो, पण त्या काळी तो मानाने मिळवलेला शब्द होता. विचारवंत डू बॉईस आणि त्यांच्या पिढीने तो मोठ्या (कॅपिटल) अक्षराने छापावा म्हणून वर्षानुवर्षं आग्रह धरला, तेव्हा कुठे १९३० साली न्यूयॉर्क टाइम्सने तसं छापायला सुरुवात केली.

आपल्याला जवळचा दाखला द्यायचा तर १९४६ चा आहे. अमेरिकेतल्या निग्रो संघटनांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केल्याचं कळल्यावर डॉ. आंबेडकरांनी डू बॉईस यांना पत्र लिहून त्या अर्जाच्या प्रती मागवल्या. भारतातले अस्पृश्य आणि अमेरिकेतले निग्रो यांच्या स्थितीत फार साम्य आहे, असं त्यांनी त्यात लिहिलं. ते पत्र मराठीत आणताना तुम्ही तिथे 'कृष्णवर्णीय' घातलंत, तर बाबासाहेबांच्या तोंडी त्यांनी न वापरलेला शब्द जाईल. अवतरणात आणि संस्थेच्या नावात जुना शब्द तसाच ठेवा. मात्र तुमच्या स्वतःच्या वाक्यात तो नको.

प्रतिसाद २

'कलर्ड' विसरू नका. दक्षिणेतल्या बसस्थानकांवर, पाण्याच्या नळांवर पाट्या असायच्या त्या 'व्हाइट' आणि 'कलर्ड' अशा. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने त्या उतरवल्या. एका भाषांतरात मी 'रंगीत लोकांसाठी' असं वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. रंगीत तालीम, रंगीत साडी, हे आपले 'रंगीत'. पाटीवरचा शब्द 'कलर्ड' असाच द्यावा आणि पुढच्या वाक्यात ती पाटी काय करत होती ते सांगावं.

प्रतिसाद ३

खरी उलथापालथ १९६६ ची. त्या जूनमध्ये नागरी हक्क कार्यकर्ते जेम्स मेरेडिथ मेम्फिसहून मिसिसिपी राज्यात पायी निघाले आणि त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते वाचले, पण चालू शकत नव्हते. त्यांची पदयात्रा इतरांनी पुढे नेली. १६ जूनच्या रात्री ग्रीनवूड गावात तरुण नेते स्टोकली कारमायकेल यांनी 'ब्लॅक पॉवर' ही घोषणा दिली. ज्या शब्दाने खिजवलं जायचं, तोच त्यांनी जाहीर सभेत स्वतःला लावला.

त्याच्या आधीची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. अलाबामातल्या लाउंड्स काउंटीत सुमारे ८० टक्के वस्ती काळ्या लोकांची. पण १९६५ च्या सुरुवातीला मतदार यादीत त्यांच्यातला एकही नाही. मतदान हक्क कायदा झाला आणि तिथल्या लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. लिहिता-वाचता न येणारे मतदार पुष्कळ, म्हणून मतपत्रिकेवर चित्र हवं. निवडणूक चिन्हाचं महत्त्व आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. समोरच्या डेमोक्रॅटिक पक्षाचं चिन्ह होतं पांढरा कोंबडा. यांनी घेतला काळा पँथर. तेच चित्र ऑक्टोबर १९६६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ह्युई न्यूटन आणि बॉबी सील यांनी आपल्या ब्लॅक पँथर पक्षासाठी उचललं, आणि १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. त्यांच्या १९७३ च्या जाहीरनाम्यात ब्लॅक पँथरचा उल्लेख आहे. पँथर म्हणजे बिबट्या, पण बिबट्या कुणीच म्हणालं नाही. 'पँथर' आता मराठी शब्द आहे आणि कार्यकर्त्याच्या नावाआधी आदराने लागतो.

म्हणून १९६६ नंतरच्या मजकुरात 'काळे' किंवा 'ब्लॅक' लिहावं, असं माझं ठाम मत आहे.

प्रतिसाद ४

मला हे पटत नाही. माझा रंग काळा. 'काळी' हा शब्द मी लहानपणापासून लग्नापर्यंत कसा ऐकला ते मलाच ठाऊक. काळा पैसा, काळाबाजार, तोंड काळं करणं : मराठीत या शब्दाला चांगलं काही चिकटलेलंच नाही. अमेरिकेतल्या लोकांनी तो स्वतःसाठी निवडला असेल. मराठीत तो त्यांनी निवडलेला नाही, तो आपण त्यांना लावतो आहोत. 'कृष्णवर्णीय' निदान दुखवत नाही.

प्रतिसाद ३ कडून

ताई, तुमचं म्हणणं मी हलकं मानत नाही. इंग्रजीतही 'ब्लॅक'ला चांगलं काही चिकटलेलं नव्हतंच. म्हणून तर तो उचलायला धैर्य लागलं. आणि मराठीत सगळंच वाईट आहे असंही नाही. शेतकरी जमिनीला काळी आई म्हणतो. गावगाड्यात पांढरी म्हणजे वस्ती आणि काळी म्हणजे पीक देणारं शिवार. पंढरपूरला उभा आहे तोही काळाच.

'कृष्णवर्णीय'बद्दल माझी हरकत वेगळी आहे. त्यात 'वर्ण' आहे. आपल्याकडे वर्ण म्हणजे रंगही आणि चातुर्वर्ण्यातला वर्णही. ज्यांच्या लढ्यातून आपल्या पँथरने बळ घेतलं, त्यांचं नाव 'वर्ण' शब्दावर उभं करायला माझा हात धजत नाही. शिवाय तो शब्द वरून दिलेला वाटतो. 'हरिजन'ही कुणीतरी आपुलकीनेच दिला होता. लोकांनी तो टाकला आणि 'दलित' घेतला.

प्रतिसाद ५

लिहिणाऱ्याची एक अडचण सांगतो. नुसतं 'काळे' लिहिलं तर मराठीत ते आडनाव आहे, 'गोरे'सुद्धा. 'काळे यांनी मोर्चा काढला' हे वाक्य वाचक भलतंच वाचेल. म्हणून 'काळे लोक', 'काळ्या मतदारांनी', 'काळ्या वस्तीत' असं नामाला धरूनच वापरावं. एकवचनी 'एक काळा आला' तर अजिबात नको, तिथे तुच्छता येते.

पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइड यांच्या मृत्यूनंतर जून २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेने 'ब्लॅक' मोठ्या अक्षराने लिहायचं ठरवलं. देवनागरीत मोठं अक्षर नाही. आपल्याकडे मान क्रियापदात जातो : 'आली'ऐवजी 'आल्या', 'म्हणाला'ऐवजी 'म्हणाले'. १९५५ साली बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स 'बसली' असं मी कितीतरी ठिकाणी वाचलंय. ४२ वर्षांच्या बाई होत्या त्या. तो बदल आधी करा.

आणि 'आफ्रिकन-अमेरिकन' १९६० च्या दशकात नेऊन ठेवू नका. १९८८ च्या अखेरीस नागरी हक्क चळवळीतले नेते जेसी जॅक्सन यांनी आग्रह धरला, त्यानंतर तो सर्वत्र झाला. जनगणनेच्या अर्जावर तर 'निग्रो' २०१० पर्यंत इतर शब्दांच्या सोबतीला छापलेला होता.

प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे आभार. काल रात्री मसुदा पुन्हा घेऊन बसले. १९४६ च्या पत्रात आणि किंग यांच्या भाषणात 'निग्रो' ठेवला, पाट्यांवर 'कलर्ड'. ग्रीनवूडच्या रात्रीपासून पुढे 'काळे लोक'. 'ब्लॅक' फक्त घोषणेत आणि नावांत. रोझा पार्क्स आता 'बसल्या' आहेत, आणि उठल्या नाहीत.

प्रतिसाद ४ लिहिणाऱ्या ताईंना एक विचारायचं आहे. ग्रीनवूडच्या सभेत एक वाक्य आहे : 'गर्दीत काळ्या बायका होत्या, शेतावरून थेट आलेल्या.' मी ते चार वेळा बदललं आणि चारही वेळा परत तसंच केलं. तुम्ही ते एकदा मोठ्याने वाचून बघाल का?