मदत हवी आहे: कोषातून फुलपाखराऐवजी माश्या निघाल्या, लेकीला काय सांगू?

नमस्कार मंडळी,

साताऱ्यात आमच्या घरामागे जेमतेम १० बाय १२ चं परस आहे. कढीपत्ता, मोगरा, तुळस आणि बांधकामातून उरलेल्या विटांचा ढीग. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर लेकीला (वय ७) तिथे मृगाचा किडा सापडला. लाल मखमलीचा गोळाच. तळहातावर घेऊन तिने पाय मोजले तर आठ! शाळेत शिकवलंय की कीटकाला सहा पाय. "मग हा किडा नाहीच," असं तिने शेजारीपाजारी जाऊन सांगितलं. खरंच आहे ते, तो कोळ्यांच्या गोतातला. तेव्हापासून घरात जे हलेल त्याचे पाय मोजले जातात.

आता अडचण. कढीपत्त्यावर पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी मिळाली. फांदीसकट बरणीत ठेवली, तोंडाला मलमलचं फडकं बांधलं, रोज कोवळा पाला घातला. पुढे ती हिरवीगार झाली. बोट लावलं की डोक्यामागून तांबूस शिंगं काढून असा काही आंबूस वास सोडायची की बस! मग कोष केला. दोन आठवडे वाट पाहिली. परवा सकाळी बघतो तर कोषाला टाचणीने पाडल्यासारखं भोक आणि फडक्याखाली चाळीसेक बारीक माश्या. लेक रडली. "बाबा, आपण मारलं का तिला?" मला उत्तर देता आलं नाही. आमचं काय चुकलं?

दुसरं म्हणजे, मोगऱ्यावर मोठं जाळं आहे. मधोमध पांढरी नागमोडी फुली आणि तिच्यावर पाय दोन-दोन जोडून, डोकं खाली करून बसलेला पिवळ्या पट्ट्यांचा कोळी. आई केरसुणी घेऊन तयार आहे. विषारी असतो का हा?

प्रतिसाद १
अळी लिंबाच्या किंवा मॉरमॉन फुलपाखराची असणार, दोन्ही कढीपत्त्यावर येतात. त्या माश्या म्हणजे एवढ्याशा गांधीलमाश्यांची जात. अळी कोष करायला बसली की या जवळ येऊन थांबतात आणि कोष मऊ असतानाच त्यात अंडी घालतात. त्या दिवशी बरणी उघडी होती का?

धागाकर्ता
होती. अळी फांदी सोडून भिंतीवर फिरायला लागली, म्हणून फडकं काढून ओट्यावर ठेवली होती. अरेरे.

प्रतिसाद १
मग तेच. पण लेकीला "आपण मारलं" म्हणू नका. बाहेर कढीपत्त्यावरच्या कित्येक कोषांचं असंच होतं. भोक भिंगातून दाखवा. फुलपाखरू निघालं असतं तर कोष उकललेला दिसला असता.

प्रतिसाद २
केरसुणी आवरा हो! ती सिग्नेचर स्पायडर, सही केल्यासारखी फुली काढते म्हणून. माणसाला धोका नाही. काडीने जाळ्याला हलकेच धक्का द्या, झोपाळ्यासारखं गदगदा हलवते. आणि जाळ्याच्या कडेला नीट बघा, तिच्या पाव आकाराचा तपकिरी कोळी दिसला तर तो नर.

प्रतिसाद ३
मला कोळ्यापेक्षा विटांची काळजी वाटते. आपल्याकडे लाल विंचू आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ज्याच्या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून माणसं वाचवली, तोच. लहान मुलांना त्याचा फार त्रास होतो. वीट मोठ्यांनीच उचलायची, तीही पलीकडची कड आधी, म्हणजे आतलं जे काही असेल ते पलीकडे पळेल. रात्री नोटा तपासायचा जांभळा टॉर्च मारा, विंचू हिरवट चमकतो. चावलाच तर मंत्र-बिंत्र नको, थेट दवाखाना. वाणी मात्र हातावर घेऊ द्या, गोल वेटोळं करून पडते बिचारी. फक्त नंतर हात धुवायला लावा. गोम आणि केसाळ सुरवंट लांबूनच.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. विटा काल हलवल्या. एक गोम निघाली, विंचू नाही. आईने कोळणीला दसऱ्याच्या साफसफाईपर्यंत मुदत दिली आहे. नरही सापडला, खरोखरच कडेला बसलाय. लेक विचारते, नवरा आहे तर इतका लांब का बसतो? "आजीला विचार," म्हणून मी सुटलो.