जुनं जीमेल बंद करायचंय, पण त्यातल्या मेल्स ठेवायच्या कशा?

पुणेरी_पगडी:
मंडळी, माझं एक जुनं जीमेल आहे, 2006 चं, कॉलेजात असताना काढलेलं, आयडी असला भारी की आता कुणाला सांगायची सोय नाही. गेली कित्येक वर्षं दुसरंच वापरतोय, यात नुसत्या सेल आणि लोनच्या जाहिराती येऊन पडतात, 15 जीबी पण भरत आलंय. म्हटलं एकदाचं डिलीटच करून टाकू. पण आत काही गोष्टी आहेत ज्या जायला नकोत. आजोबा साताऱ्याहून पत्रं पाठवायचे, सायबर कॅफेवाल्याकडून वर्डमध्ये मराठीत टाइप करून घ्यायचे आणि अटॅच करायचे, ती सगळी त्यात आहेत. शिवाय बहिणीच्या लग्नाचे फोटो, फ्लॅटचे कागद वगैरे. टेकआउट म्हणून काहीतरी असतं असं ऐकलंय, त्यात सगळं येतं का? आलेली फाइल उघडायची कशात? की सरळ एकेक मेल प्रिंटला देऊन पीडीएफ करू? लेबलं लावून ठेवलीत ती राहतील का? सोप्या भाषेत सांगा प्लीज.

सांडगी_मिरची:
एकेक पीडीएफ करत बसलात तर रिटायर व्हाल. टेकआउटच करा, म्हणजे गूगलमधला आपला डेटा एकत्र उतरवून घ्यायची गूगलचीच सोय.

आधी कचरा काढा. प्रमोशन्स टॅबमधलं सगळं सिलेक्ट करून उडवा आणि मग ट्रॅश पण रिकामा करा, कारण उडवलेल्या मेल्स 30 दिवस ट्रॅशमध्येच असतात आणि टेकआउटच्या फाइलचं नावच 'ऑल मेल इन्क्लूडिंग स्पॅम अँड ट्रॅश' असतं, म्हणजे काढलेला कचरा परत घरात. मग टेकआउटला जाऊन पहिलं काम म्हणजे 'डिसिलेक्ट ऑल', नाहीतर फोटो, यूट्यूब, मॅप सगळंच गळ्यात पडतं. फक्त मेलवर टिक करायची. तिथेच एक बटण आहे, त्यातून निवडक लेबलं घेता येतात आणि तसं केलं की प्रत्येक लेबलाची वेगळी फाइल मिळते. तयार झालं की लिंक मेलवर येते, ती आठवडाभरच चालते, तेव्हा आज करतो उद्या करतो करू नका.

झिप सोडवली की आत एमबॉक्स फाइल दिसेल, म्हणजे सगळ्या मेल्सचं एकच गाठोडं. डबल क्लिक करून काही होणार नाही. लॅपटॉपवर थंडरबर्ड टाका (मेल वाचायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे), त्यात 'इम्पोर्ट एक्सपोर्ट टूल्स एनजी' हे अ‍ॅड-ऑन घाला आणि लोकल फोल्डर्समध्ये (लॅपटॉपवरच राहणारी फोल्डर) इम्पोर्ट करा. अटॅचमेंट त्याच फाइलमध्ये असतात, वेगळ्या शोधू नका.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
थंडरबर्ड घेतायच तर टेकआउट कशाला, सरळ आयमॅपने (सर्व्हरवरच्या मेल्स सॉफ्टवेअरमध्ये दाखवायची पद्धत) अकाउंट जोडा, लेबलं आपोआप फोल्डर म्हणून दिसतात. फक्त एका मेलला तीन लेबलं असतील तर ती तीनदा येते.

सांडगी_मिरची:
@डोंबिवली, चालेल, पण यात लोक हमखास फसतात म्हणून सांगतो. आयमॅपने जोडलं की सगळ्या मेल्स समोर दिसतात आणि माणूस खूश होतो की आल्या बाबा लॅपटॉपवर. पण ती फक्त सर्व्हरमध्ये डोकावायची खिडकी आहे. तिकडे मेल उडवली की इकडचीही जाते. हव्या त्या मेल्स 'लोकल फोल्डर्स'मध्ये कॉपी करायच्या आणि मग नेट बंद करून त्यातल्या जुन्यातल्या जुन्या मेलची अटॅचमेंट उघडते का ते बघायचं. उघडली तर खरं.

वऱ्हाडी_ठेचा:
अहो पण मेल आली म्हणजे फोटो आले असं नसते न भाऊ. जीमेलात 25 एमबीच्या वर काही पाठवलं की ते गूगल ड्राइव्हवर जाते आणि मेलमध्ये नुसती लिंक राहते. बहिणीच्या लग्नाचे फोटो तसे असतील तर एमबॉक्समध्ये लिंकच येईल, फोटो नाही. ते ड्राइव्हवरून आत्ताच वेगळे उतरवा. पिकासाच्या (गूगलची जुनी फोटो ठेवायची सोय) अल्बमची लिंक असेल तर ती सोडाच, पिकासा 2016 लाच बंद झालं. ज्यानं फोटो काढले त्याला विचारा.

आणि आजोबांची पत्रं, त्याचं सगळ्यात आधी बघा. त्या काळात सायबर कॅफेत युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसणारं मराठी टायपिंग) कोण वापरत होतं? शिवाजी नाहीतर श्रीलिपी फाँट असणार. ती फाइल आज उघडली तर मराठीच्या जागी आडवीतिडवी इंग्रजी अक्षरं दिसतात. फाइल खराब झालेली नसते, फाँट नसतो इतकंच.

पुणेरी_पगडी:
@वऱ्हाडी_ठेचा बरोब्बर! आत्ता एक उघडून बघितली, अक्षरशः तसंच दिसतंय, मला वाटलं गेलं सगळं. काय करू?

वऱ्हाडी_ठेचा:
काही गेलं नाही. वर्डमध्ये तो मजकूर सिलेक्ट करा, वर फाँटच्या खान्यात जे नाव दिसते तोच फाँट शोधून टाका. अक्षर दिसायला लागलं की लगेच पीडीएफ म्हणून सेव्ह करा, म्हणजे फाँट फाइलच्या आतच बसते आणि उद्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरही वाचता येते. त्यानंतर वाटलं तर कन्व्हर्टरनं युनिकोड करा, पण जोडाक्षरं आणि रफार गडबडतात, नजरेखालून घालावं लागते. मूळ डॉक फाइल फेकू नका.

थंडरबर्डमध्ये साध्या मेलचा मजकूर विचित्र दिसला तर तो प्रकार वेगळा, तिथे व्ह्यू मेनूत 'रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग' करून बघा.

कोकणकडा:
सगळं ठीक, पण डिलीट कशाला करताय ते नाही कळलं. 2006 पासूनचा आयडी म्हणजे बँक, पीएफ, म्युच्युअल फंडाचे फोलिओ, आयआरसीटीसी, कुठे कुठे दिला असेल देव जाणे. पासवर्ड रीसेट करायची लिंक तिथेच जाणार. आधी मेलमध्ये 'फोलिओ', 'स्टेटमेंट', 'व्हेरिफाय', 'वेलकम' असं सर्च मारा, जे सापडेल तिथे जाऊन ईमेल बदला. आणि बँकेच्या स्टेटमेंटच्या पीडीएफना पासवर्ड असतो, कुणाचा पॅन, कुणाची जन्मतारीख. आत्ता आठवतोय तोवर उघडून बिनपासवर्डची कॉपी करून ठेवा.

डोंबिवली_फास्ट_लोकल:
+१. मी तर म्हणतो राहू द्या तसंच पडून, काय खातंय.

कोकणकडा:
नुसतं पडून पण चालत नाही. दोन वर्षं अजिबात न वापरलेली अकाउंट काढून टाकायला गूगलने डिसेंबर 2023 पासून सुरुवात केलीय. ठेवायचं तर अधूनमधून लॉगिन करा. आणि काढायचंच असेल तर पूर्ण गूगल अकाउंट न काढता एकटं जीमेल पण काढता येतं, ड्राइव्ह वगैरे राहतं, फक्त लॉगिनला दुसरा ईमेल द्यावा लागतो.

पुणेरी_पगडी:
बापरे, सर्च मारलं तर पीएफला हाच आयडी दिलाय. मग डिलीट तूर्तास रद्द, आधी पत्रं आणि पीएफ. एक शेवटचं, एमबॉक्स पेनड्राइव्हवर टाकतोय तर फाइल टू लार्ज म्हणतोय, पेनड्राइव्ह तर 64 जीबीचा आहे आणि पूर्ण रिकामा?

सांडगी_मिरची:
फॅट 32 या जुन्या फॉरमॅटमध्ये असणार तो, त्यात 4 जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. पण एवढ्या कष्टाने काढताय तर एकाच पेनड्राइव्हवर ठेवू नका, हार्डडिस्कवर पण एक कॉपी टाका.