स्पेनमधील ग्राहक कंपनीचा पुनर्रचना आराखडा आणि आपली थकबाकी

चाकणचा_निर्यातदार:
नमस्कार. आमचा कारखाना बार्सिलोनाजवळच्या एका मध्यम आकाराच्या कंपनीला यंत्रांचे सुटे भाग पुरवतो. धनकोंशी वाटाघाटी सुरू केल्याची सूचना आपण तिथल्या वाणिज्य न्यायालयाला दिली असल्याचे त्या कंपनीने नुकतेच कळवले आहे. आमची काही बिले थकली आहेत आणि पुढचा माल तयार होत आला आहे. स्पेनच्या दिवाळखोरी कायद्यातील 2022च्या सुधारणेनंतर बँकांना मान्य असलेला कर्ज-पुनर्रचनेचा आराखडा आमच्यासारख्या विनातारण पुरवठादारावरही लादता येतो, हे कितपत खरे आहे? तसे असल्यास दाद कुठे मागायची?

ताळेबंद:
खरे आहे. युरोपीय संघाचा 2019चा निर्देश अमलात आणणारा कायदा 16/2022 हा 26 सप्टेंबर 2022 रोजी लागू झाला. त्यापूर्वी न्यायालयाने मंजूर केलेले पुनर्वित्त करार मुख्यतः वित्तीय धनकोंनाच बांधत असत. आता व्यापारी देणीही आराखड्यात ओढता येतात. धनकोंचे हितसंबंधांनुसार वर्ग पाडले जातात आणि प्रत्येक वर्गात देण्याच्या रकमेच्या दोन तृतीयांश, तारणधारकांच्या वर्गात तीन चतुर्थांश, संमती लागते. तुमच्या वर्गाने नकार दिला तरी बहुसंख्य वर्ग अनुकूल असतील आणि त्यांत निदान एक अग्रक्रमाचा (दिवाळखोरीत ज्यांचे पैसे आधी फेडले जातात असा) वर्ग असेल, तर न्यायालय आराखडा सर्वांवर बंधनकारक करू शकते.

आपल्या आयबीसीत (भारताच्या दिवाळखोरी संहितेत) मालपुरवठादाराला धनको समितीत सहसा मत नसते. स्पेनमध्ये ज्याच्या येण्याला कात्री लागते त्याला त्याच्या वर्गात मत असते, आणि म्हणूनच आपल्याला कोणत्या वर्गात, कोणाबरोबर बसवले आहे हे सर्वांत आधी पाहावे. कर आणि सामाजिक सुरक्षेची देणी अशा आराखड्यातून रकमेने कमी करता येत नाहीत, त्यामुळे कपातीचा भार उरलेल्यांवर पडतो. मला हा या कायद्यातला सर्वांत पक्षपाती भाग वाटतो. आराखड्याच्या बाजूने मत न दिलेल्या धनकोला मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून 15 दिवसांत प्रांतिक अपील न्यायालयात आव्हान देता येते. वर्गरचना सदोष ठरली तर आराखडाच निष्प्रभ होतो; बाकीच्या बहुतेक कारणांवर जिंकलात तर तो फक्त तुम्हाला लागू होत नाही.

कोर्टकचेरी:
तयार मालाबद्दल थोडे. त्या सूचनेमुळे व्यवसायाला आवश्यक असलेल्या मालमत्तेवरची जप्ती तीन महिने थांबते आणि ही मुदत आणखी तीन महिने वाढवून मिळू शकते. केवळ सूचना दिली म्हणून करार मोडता येत नाही, आणि धंदा चालू ठेवण्यासाठी तो करार आवश्यक असेल तर सूचनेपूर्वीच्या थकबाकीपोटी पुरवठा रोखताही येत नाही. मात्र हे नियम चालू कराराला लागू आहेत. प्रत्येक ऑर्डर स्वतंत्र असेल तर पुढची ऑर्डर स्वीकारताना आगाऊ रक्कम किंवा लेटर ऑफ क्रेडिट (ग्राहकाच्या बँकेची पैसे देण्याची हमी) मागायला हरकत नसावी. तुमच्या करारात कोणत्या देशाचा कायदा लिहिला आहे, तेही तपासा.

सातासमुद्रापार:
वर ताळेबंद यांनी सांगितलेला अपिलाचा मार्ग नेहमीच उपलब्ध असतो असे नाही. आराखडा मांडणारा पक्ष ‘पूर्व-विरोधा’ची पद्धत निवडू शकतो, तेव्हा सर्व हरकती मंजुरीआधीच वाणिज्य न्यायालयात ऐकल्या जातात आणि त्या निकालावर अपील नसते. सेल्सा या कातालोनियातील पोलाद समूहाच्या प्रकरणात हेच झाले. बार्सिलोनाच्या वाणिज्य न्यायालयाने 4 सप्टेंबर 2023 रोजी धनकोंनी मांडलेला आराखडा मंजूर केला आणि कंपनी संस्थापक रुबिराल्ता कुटुंबाच्या हातून धनको फंडांकडे गेली. सारा वाद मूल्यांकनाचा होता: कर्ज कंपनीच्या मूल्याहून जास्त ठरल्यावर भागधारकांच्या विरोधाला आधार उरला नाही. सरासरी 49पर्यंत कामगार आणि एक कोटी युरोपर्यंत उलाढाल किंवा ताळेबंद असलेल्या कंपन्यांवर मात्र मालकांच्या संमतीशिवाय आराखडा लादता येत नाही, तेव्हा तुमच्या ग्राहकाचा आकारही पाहा.

प्रांतिक न्यायालयाच्या निकालाविरुद्धही सर्वोच्च न्यायालयात जाता येत नाही. वेग साधण्यासाठी ही किंमत मोजली गेली, पण त्यामुळे वर्गरचनेसारख्या प्रश्नावर प्रांताप्रांतांत वेगवेगळी मते पडली तर ती जुळवून देणारे कोणी नाही. म्हणून माद्रिदचा एखादा निकाल वाचून बार्सिलोनात तसेच घडेल असे धरू नका. तिथल्या वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा की आराखडा कोणत्या पद्धतीने मांडला जाणार आहे, कारण हरकत कुठे आणि केव्हा घ्यायची हे त्यावरच ठरते.