मदत हवी आहे: नव्या मशीनवर अनअटेंडेड विंडोज ११ डिस्कपाशी अडकतंय

तापीकाठ:
राम राम मंडळी. चाळीसगावच्या एका लॅबमध्ये २४ मशीनवर विंडोज ११ प्रो टाकायचंय. पेनड्राईव्हच्या रूटमध्ये ऑटोअनअटेंड.एक्सएमएल आहे (सेटअपच्या प्रश्नांची उत्तरं आधीच लिहिलेली फाइल, म्हणजे कोणी समोर बसायला नको). डिस्क ० पुसायची, ईएफआय (बूटचं पार्टिशन) १०० एमबी, एमएसआर (विंडोजसाठी राखीव पार्टिशन) १६ एमबी, उरलेल्यात विंडोज. इंटेलच्या आठव्या पिढीच्या १६ मशीनवर बिनबोभाट झालं. बाराव्या पिढीच्या ८ मशीनवर मात्र डिस्ककॉन्फिगरेशन (फाइलमधला डिस्क पुसून वाटणी करायचा भाग) लागू करता आलं नाही, असा एरर. एनव्हीएमई एसएसडी बायोसमध्ये दिसते. फाइलमध्ये काय चुकलं?

भरीतपुरी:
फाइलला हात लावू नका अजून. एरर स्क्रीनवर शिफ्ट + एफ१० दाबा, कमांडची खिडकी उघडेल; तिथे डिस्कपार्ट, मग लिस्ट डिस्क टाइप करा. काय येतं?

तापीकाठ:
एकच ओळ. डिस्क ०, २८ जीबी.

भरीतपुरी:
तो तुमचा ३२ जीबीचा पेनड्राईव्ह आहे भाऊ! एसएसडी सेटअपला दिसतच नाही, म्हणून शून्य नंबर पेनड्राईव्हला गेला, आणि फाइल तोच पुसायला निघाली. आधी त्यातलं सामान शाबूत आहे का बघा.

कारण इंटेल व्हीएमडी, म्हणजे एनव्हीएमई डिस्क आपल्या ताब्यात ठेवणारी प्रोसेसरमधली सोय. अकराव्या पिढीपासून पुष्कळ मशीनला ते बायोसमध्ये चालूच येतं, आणि त्याचा ड्रायव्हर इन्स्टॉल मीडियात बहुधा नसतो. मशीन बनवणाऱ्याच्या साइटवरून आरएसटी (इंटेलचा स्टोरेज) ड्रायव्हर घ्या. नुसती सेटअपआरएसटी.ईएक्सई ठेवून भागत नाही. कमांड लाइनवर तिला -एक्स्ट्रॅक्टड्रायव्हर्स आणि फोल्डरचं नाव देऊन उघडा. व्हीएमडीच्या फोल्डरमधल्या आयएएसटीओआरव्हीडी नावाच्या आयएनएफ, एसवायएस, कॅट अशा सगळ्या फाइली एकत्रच उचला. पेनड्राईव्हच्या रूटमध्ये $विनपीईड्रायव्हर$ नावाचं फोल्डर करून त्यात टाका (नाव अर्थातच इंग्रजीत, दोन्हीकडची डॉलरची खूण धरून). सेटअप ते आपोआप शोधतं, त्यामुळे पेनड्राईव्हला कोणतं अक्षर मिळेल याची फिकीर नाही. एक्सएमएलमध्ये पाथ लिहिणाऱ्यांचं नेमकं तिथेच फसतं.

शेवभाजी:
आठच मशीन आहेत, तर बायोसमध्ये व्हीएमडी बंद करणं सोपं. पण विंडोज टाकायच्या आधी. नंतर बदललं तर इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइसची निळी स्क्रीन येते.

आणखी एक, बूट ऑर्डरमध्ये पेनड्राईव्ह पहिला ठेवू नका. पहिल्या रीस्टार्टला तो परत बूट होतो, डिस्क पुन्हा पुसतो, आणि हे चक्र चालूच राहतं. एकदाच लागू होणारा बूट मेनू वापरा.

तापीकाठ:
फोल्डर टाकलं. लिस्ट डिस्कमध्ये आता दोन ओळी आहेत, एसएसडी शून्यावर. पहिलं मशीन फाइली कॉपी करतंय.

भरीतपुरी:
शून्य नंबर दर मशीनवर एसएसडीलाच मिळेल याची खात्री नसते. उरलेल्या सातांवरही लिस्ट डिस्क बघूनच पुढे जा.