पाणी ९८ ला उकळलं, आता पेपरात काय लिहायचं?

तराजूकाटा (धागा काढणारा)
सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. मागच्या आठवड्यात आठवीच्या पोरांना पाणी उकळायला लावलं. पुस्तकात १००. आमच्या तीन तापमापींपैकी एक ९८ वर थांबली, दुसरी त्याच्या जरा वर, तिसरी ९९ वर. पोरांनी आधी तापमापीला नावं ठेवली, मग पाण्याला ("सर, उजनी धरणाचं पाणी, त्याचा काय भरवसा!"), शेवटी मला. मी उत्तर दिलं नाही. तिन्ही तापमापी वितळत्या बर्फात बुडवल्या, तर ९९ वाली तिथेही अर्धा अंश वर दाखवत होती. मग एकाने पाण्यात मूठभर मीठ टाकलं. पारा खाली जायच्या ऐवजी वर चढला. म्हणजे क्षारांनी आकडा वाढतो, कमी होत नाही. उजनी निर्दोष सुटली. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, डोंगरावर डाळ लवकर शिजत नाही म्हणतात, ते यामुळेच का? सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटर उंच. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून उत्कलनांक दर ३०० मीटरला एक अंशाच्या आसपास उतरतो. गणित बसलं, साडेअठ्ठ्याण्णव.

यात तीन तास गेले. दुसऱ्या दिवशी एक पालक दारात: "सर, पेपरात १०० लिहायचं का ९८?" मुख्याध्यापक म्हणाले, दोन धडे मागे आहात. माझं मत स्पष्ट आहे, विज्ञान शिकवायची रीत हीच. बाकी सगळं पाठांतर.

कडकभाकरी
"रीत हीच" इथे माझं तुमच्याशी जमत नाही. मी क्लास घेतो, त्यामुळे शिव्या येणार हे धरूनच लिहितो. दहावीला विज्ञानाचे दोन पेपर ४०-४० चे, प्रात्यक्षिकाचे २०. ते २० बहुतेकांना मिळतात, जर्नल एकमेकांचं उतरवून. निकाल ठरतो ८० वर.

आणि हाताने केलं म्हणजे खरं कळलं असं थोडंच आहे? थाळीत पाणी, त्यात पेटती मेणबत्ती, वर उपडा ग्लास. पाणी चढतं आणि पोरं वहीत लिहितात, ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली. साफ चूक. हवा तापून फुगते, थोडी बुडबुड्यांनी बाहेर पडते, ज्योत विझली की उरलेली आकसते. ऑक्सिजन बराचसा आतच असतो. प्रयोग छान, डोळ्यांनी पाहिलेला, आणि निष्कर्ष जन्मभराचा चुकीचा. २००६ साली किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क या शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी हेच मांडलं होतं: नवशिक्याच्या डोक्यात आधी काही नसताना त्याला फारशा मार्गदर्शनाशिवाय शोधायला सोडलं, तर त्याची सगळी ताकद चाचपडण्यातच जाते.

तराजूकाटा
मेणबत्तीचं उदाहरण तुम्ही अर्ध्यावर सोडलंत. त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं. इथे पोरं अडतात आणि त्यांचं "ऑक्सिजन संपला" पडतं. चूक प्रयोगाची नाही, एकदा करून वही मिटण्याची आहे.

कडकभाकरी
आणि तीन मेणबत्त्या लावायच्या हे पोरांना सुचलं की तुम्हाला?

तराजूकाटा
मला. बरं, मान्य.

गड्डा_रिटर्न
स्टोव्हचं रॉकेल कोणी दिलं बे सर? 😄 गंमत सोडा. शून्य सावली (दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, सावली गायब) पोरांना दाखवावी, तर सोलापुरात ती मेच्या दुसऱ्या आठवड्यात, तेव्हा शाळेला सुट्टी. पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला, तेव्हा आभाळ. सूर्यालाही अभ्यासक्रम माहीत नाही.

जुनी_शाई
निवृत्त आहे, त्यामुळे मुख्याध्यापकांची भीती नाही. मध्य प्रदेशात १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत असं विज्ञान सुरू झालं. नंतर शेकडो शाळांत पसरलं आणि २००२ मध्ये सरकारने बंद केलं. तिथे प्रयोगाचं साहित्य होतं, शिक्षकांच्या नियमित बैठका होत्या, आणि मुख्य म्हणजे परीक्षाच बदलली होती: पुस्तक उघडं ठेवून लेखी, शिवाय हाताने करून दाखवायची. तुम्ही परीक्षा तीच ठेवून एकटे तीन तास उकळत बसलात. कौतुक आहे, पण एका मास्तराच्या अंगावर हे टिकत नाही. दुसऱ्या वर्षी तुम्हीच दमाल. मी दमलो होतो.

पत्ता_कातर
माझी आई विड्या वळायची. मी जे काही झाले ते पाठ करून झाले, घोकून. घरी तेलुगू, गल्लीत मराठी-कन्नड, आणि आता माझ्या मुलाला सेमीमुळे विज्ञान इंग्रजीत. तुम्ही लोक पाठांतराला शिवी देता तेव्हा मला राग येतो. ज्याच्या घरी विचारायला कोणी नाही, त्याला पुस्तकातलं वाक्य हाच आधार असतो. एक प्रामाणिक प्रश्न: तुमच्या त्या तासाला किती मुलं बोलली? आणि कोणत्या भाषेत?

तराजूकाटा
ताई, बावन्नपैकी बोलणारी दहा-बारा. बर्फाची भांडणं चक्क तेलुगूत झाली, मला निम्मी कळली. वहीत लिहायची वेळ आली तेव्हा सगळे गप्प. "बॉइलिंग पॉइंट डिक्रीजेस" एवढं फळ्यावर मीच लिहिलं आणि त्यांनी उतरवलं. हे धाग्यात आधी लिहायला हवं होतं, लपवलं म्हणा. डाळीचा प्रश्न विचारणारी मुलगी चुलीपाशी रोज उभी राहते म्हणून तिला सुचला. लिहिताना तिनेच कोरा कागद दिला.

पत्ता_कातर
मग तिला मराठीत किंवा तेलुगूत लिहू द्या. भाषांतर नंतर करता येतं. आणि पेपरात काय लिहायचं ते अजून कोणी सांगितलेलं नाही. दारात आलेला पालक मीच होते असं समजा.

तराजूकाटा
"समुद्रसपाटीच्या दाबाला १००" लिहायचं. मार्क पूर्ण मिळतात.

कडकभाकरी
हे दोन मिनिटांत सांगता आलं असतं सर.

तराजूकाटा
जूनमध्ये सांगितलं होतं, वहीतही आहे. तापमापी ९८ वर थांबली तेव्हा बावन्नपैकी एकालाही आठवलं नाही. सोमवारी ती मुलगी तेलुगूत लिहिणार आहे, वाचून घ्यायला कोणी येईल का?