शब्दचर्चा : ‘मज्जाबाह्य’ की ‘अस्थिमज्जाबाह्य’?

प्रश्न : मायलोफायब्रोसिस या अस्थिमज्जेच्या आजाराच्या रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहीत आहे. एरवी अस्थिमज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या मऊ ऊतीत, तयार होणाऱ्या रक्तपेशी या आजारात क्वचित त्वचेतही तयार होऊ लागतात. त्यासाठी ‘मज्जाबाह्य रक्तनिर्मिती’ हा शब्द चालेल का?

उत्तर : शब्द आटोपशीर आहे, परंतु माहितीपत्रकात तो वापरू नये असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आयुर्वेदातील सप्तधातूंमध्ये मज्जा हाडांच्या पोकळीतलीच असली, तरी मज्जातंतू, मज्जारज्जू, मज्जासंस्था या रूढ शब्दांमुळे सामान्य वाचकाला सुटा ‘मज्जा’ शब्द नसांशी संबंधित वाटतो, आणि ‘मज्जाविकार’ वाचून तो थेट मेंदूविकारतज्ज्ञाचा विचार करू लागतो. (ग्रीक ‘मायेलॉस’चीही हीच गत आहे : मायलायटिस हा मेरुरज्जूचा, म्हणजेच मज्जारज्जूचा, दाह, तर मायलोमा हा अस्थिमज्जेतला कर्करोग.) थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारात अशी रक्तनिर्मिती कधी कधी पाठीच्या कण्यालगत होते आणि तिच्या गाठीचा मेरुरज्जूवर दाब येतो, तिथे ‘मज्जाबाह्य रक्तनिर्मितीमुळे मज्जारज्जूवर दाब’ असे लिहिले, तर एकाच वाक्यात दोन वेगळ्या मज्जा येतात आणि वाचकाला त्या वेगळ्या करण्याचा मार्गच उरत नाही. म्हणून ‘अस्थिमज्जाबाह्य’ असेच लिहावे, शब्द लांबला तरी चालेल.

‘रक्तनिर्मिती’पेक्षा ‘रक्तपेशीनिर्मिती’ अधिक नेमका आहे, कारण रक्तातला द्रवभाग तिथे तयार होत नाही. शिवाय ‘त्वचेत रक्त तयार होणे’ हे त्वचेखालील रक्तस्रावासारखे ऐकू येते, आणि तो अगदीच निराळा प्रकार आहे.

पुरवणी : उत्तराशी सहमत आहे. मात्र शब्दासोबत प्रक्रियाही दोन ओळींत सांगावी. मायलोफायब्रोसिसमध्ये अस्थिमज्जेत तंतुमय ऊती वाढते, तिथल्या मूळपेशी रक्तप्रवाहात उतरतात आणि प्लीहा (पाणथरी), यकृत व फार क्वचित त्वचेत ठाण मांडून रक्तपेशी तयार करू लागतात. गर्भावस्थेत हे काम यकृत आणि प्लीहा करतच असतात. नवजात बाळाच्या अंगावर निळसर-जांभळे उंचवटे दिसतात, तेव्हाही त्यामागे त्वचेतील रक्तपेशीनिर्मिती असू शकते, पण तिथे कारण बहुधा गर्भातला रुबेला किंवा सायटोमेगॅलोव्हायरसचा संसर्ग, अथवा गर्भाला झालेला तीव्र रक्तक्षय असते. त्यामुळे व्याख्येतच ‘अस्थिमज्जेच्या विकारामुळे’ असे शब्द घालू नयेत.

त्वचेवरच्या खुणांना ‘पुरळ’ म्हणणेही टाळावे; ‘लालसर-जांभळ्या गाठी किंवा चट्टे’ असे लिहावे. ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) पेशी त्वचेत शिरल्या तरी अशाच गाठी दिसतात आणि केवळ पाहून दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो, हे वाक्य माहितीपत्रकात ठळक अक्षरांत असायला हवे.